देवळ्याचा कांदा आणि गुरुजींची वेबसाइट

वेबसाइट सुरू होऊन तीन महिने झाले, तेव्हा तिला एकूण एकेचाळीस भेटी मिळाल्या होत्या आणि त्यांतल्या अडतीस खुद्द गंगाधर गुरुजींच्याच होत्या. शाल पांघरलेला आपला फोटो उघडतो की नाही, हे ते रोज पूजा आटोपल्यावर पाहून घेत.

गोष्ट २००८ सालची. गुरुजींचं घर पंचवटीत, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. घरात लाल फडक्यांत बांधलेल्या वह्या. कुठल्या गावचं कुठलं घराणं कधी नाशकाला आलं, आजा कोण, पणजा कोण, सगळं त्यांत गावागणिक लिहिलेलं. पूर्वी यजमान येत आणि नव्या पिढीची नावं घालून जात. देवळ्याच्या वहीत मात्र अकरा वर्षांत एकही नाव पडलं नव्हतं. "माझ्यामागे या वह्या रद्दीवाला नेणार," असं गुरुजी हसत हसत म्हणत, पण म्हणून झालं की त्यांचा चेहरा उतरे. वेबसाइट काढली ती याच धास्तीने.

ती बनवली त्यांच्या मुलीने, इराने. कॉम्प्युटर शिकलेली असल्यामुळे ती वडिलांना बिनदिक्कत बोले.

"बाबा, तुम्ही पानभर आपल्या चौदा पिढ्यांचं गुणगान लिहिलंत. देवळ्याचा माणूस नेटवर तुमच्या पिढ्या कशाला शोधेल?"

"मग काय शोधेल?"

"स्वतःचं गाव!"

गुरुजींना हे एकदम पटलं. तीस वर्षं घाटावर त्यांचा पहिला प्रश्न तोच होता: गाव कोणतं, आडनाव काय? त्याच दुपारी त्यांनी एकेका गावाचं पान सांगायला घेतलं. आता गाव म्हटलं की गावाची तारीफ आलीच. देवळ्याच्या पानावर त्यांनी तिथल्या कांद्याला, बाजाराला आणि मिळणाऱ्या भावाला इतकं चढवलं, की पिंडदानाचा उल्लेख पार तळाशी गेला.

आठ दिवसांत फोन सुरू झाले. पहिल्या फोनला गुरुजी धोतर सावरत धावले.

"हॅलो, आज कांदा काय निघाला?"

दुसरा फोन तसाच, तिसराही तसाच. इराने कॉम्प्युटरवर तपासलं आणि कपाळाला हात लावला. "लोक देवळ्याच्या कांद्याचा आजचा भाव शोधतायत, आणि गूगल त्यांना आपल्याकडे पाठवतंय."

"मग गूगलला कळव, की इथे श्राद्धकर्म होतं!"

"कळवायचं नसतं बाबा, मजकूर बदलायचा असतो."

पण नेमकी त्याच दिवशी रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची लाइन तुटली. मजकूर जागच्या जागी राहिला आणि गुरुजींचा मोबाइल वाजत राहिला. फोन बंद ठेवावा, तर खरा यजमान हुकायची भीती.

पाचव्या दिवशी समाधान आहेर नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. गुरुजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "गाव? आडनाव?" हातही सवयीनेच वहीकडे गेला. "देवळ्याचे आहेर... हं, सापडलं. मूळपुरुष केरू. केरूचे काळू, काळूचे सोमा..."

"ओ गुरुजी, भाव सांगा ना! ट्रॉली भरून उभी हाय माझी!"

"अहो, द्या ना सांगून बिचाऱ्याला," म्हणत गोदावरीबाईंनी हाताला लागलेला पेपर नवऱ्यापुढे सरकवला. गुरुजींनी बाजारभावाचा रकाना शोधून ठणठणीत आवाजात सांगितलं, "नऊशे!"

फोन ठेवल्यावर त्यांना दिसलं, की या पेपरला चौकोनी घड्या आहेत. इस्त्रीवाल्याने त्यात धोतर गुंडाळून दिलं होतं. पेपर पंधरा दिवसांचा शिळा. इराने शेजाऱ्यांकडचा ताजा पेपर आणला, त्यात भाव सहाशे.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी फोनवर पुन्हा समाधानचाच आवाज. "आम्ही निघालोय. सगळी भाऊकी हाय. घरीच थांबा." आणि फोन बंद.

"मी त्र्यंबकला गेलोय म्हणून सांग," गुरुजी घाईघाईने बायकोला म्हणाले.

"आणि दाराशी तुमच्या चपला कुणाच्या म्हणून सांगू?"

दुपारी टेम्पो आला. त्यातून बावीस माणसं उतरली. सगळ्यांत पुढे रुंद खांद्यांचा समाधान. गुरुजी माजघरात देवांपुढे डोळे मिटून बसले होते, पण जप काही केल्या आठवेना.

"गुरुजी कुठं हायेत?"

"हे बघ," गुरुजी डोळे न उघडताच म्हणाले, "तो पेपर धोतराचा होता. जे नुकसान झालं असेल..."

"भाव तर साफ चुकला तुमचा," समाधान म्हणाला. "ट्रॉली माघारी आणली मी. पर कांदा टिकतो, त्याचं काय नाय. ते केरूचं काळू नि काळूचं सोमा म्हणालात, ते खरं का?"

गुरुजींनी एक डोळा उघडला. "वहीत आहे म्हणजे खरंच."

"सोमा माझा आजा. त्याच्या वरचं नाव घरात कुणालाच ठावं नाय. आजी सासऱ्याचं नाव तोंडातून काढीत नाय, आम्ही लय विचारून पाह्यलं. त्या दिवशी घरी जाऊन तिला म्हटलं, काळू का गं? तर ती रडायलाच लागली!"

समाधानची आजी, नवसाबाई, पुढे सरकल्या. गुरुजींनी वही उलगडून मोठ्याने वाचलं, "सोमा काळू आहेर." म्हातारीने लगबगीने डोक्यावर पदर ओढला, जणू सासरा दारातच उभा होता.

"हाऊ मन्हा सासराच शे," हा माझा सासराच, असं ती अहिराणीत म्हणाली आणि वहीला तिने हात जोडले.

गुरुजींना इतकं हायसं वाटलं, की त्यांचेही डोळे भरून आले. अकरा वर्षांनी त्यांनी देवळ्याच्या वहीत दौत-टाक घेऊन नावं घातली, एकूण एकोणीस. गोदावरीबाईंनी चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात कॉम्प्युटरवरून इरा ओरडली, "बाबा, लाइन आली! कांद्याचा मजकूर काढून टाकते."

"खबरदार!" गुरुजी टाक उगारून म्हणाले. "काढायचाच असेल तर माझा फोटो काढ."

इतक्यात मोबाइल वाजला. गुरुजींनी तो कानाला लावला.

"हॅलो. गाव? आडनाव?... बरं. जरा थांबा." त्यांनी फोनवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "समाधान, आज कांदा काय निघाला रे?"