खासनीसांची हरकत

सोसायटीच्या नोटिशीवर खासनीसांनी नुसती सही केली, असं कधी झालं नाही. 'जिन्यात चपला व छत्र्या ठेवू नयेत' या सूचनेखाली सुरतेच्या नानपुऱ्यातल्या आमच्या अकरा मराठी बिऱ्हाडांनी मुकाट सह्या केल्या. बारावी सही अशी आली : 'चपलांपुरते मान्य. छत्र्यांबाबत हक्क राखून. वि. ग. खासनीस.'

मी सेक्रेटरी होतो. दहा वर्षं या गृहस्थाने माझं रक्त आटवलं.

खासनीस दिवसा सरकारी कचेरीत नोकरी करत आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एका लॉ कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवत. हा विषय सहसा कुणी घेत नसे. सुरतेत वकिली चालायची ती भाडेकरूंच्या भांडणांवर. दोन देशांचं भांडण घेऊन तापीकाठी कोण येणार? त्यामुळे वर्गात न खपलेला सगळा विषय खासनीस सोसायटीत खपवत.

"बर्वे, राष्ट्रावर त्याच्या संमतीशिवाय नियम बसत नाही. जागतिक कोर्टालासुद्धा आधी विचारावं लागतं, बाबा, येतोस का?"

"अहो, पण तुम्ही राष्ट्र नाही. तुम्ही खोली नंबर सात आहात."

"तत्त्व तेच."

उत्तरायणाला सगळी सोसायटी पतंग उडवायला गच्चीवर जाई. खासनीस दरवर्षी आदल्या दिवशी गच्चीच्या वापराला लेखी हरकत घेत आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी फिरकी घेऊन वर हजर. मी एकदा चिडून जाब विचारला. म्हणाले, "हरकत घेतली नाही, तर रूढी माझ्यावर कायमची बसेल. हरकत घेऊन पतंग उडवायला कोण अडवतो? तुमची दोरी सांभाळा, काटतोय मी!"

त्यांच्या पत्नी इंदूताई म्हणत, "दुसऱ्यांदा आमटी वाढली तर म्हणतात, घेतो, पण हा पायंडा समजू नका. वीस वर्षं झाली, भाऊजी. अजून पायंडा पडतोच आहे!"

त्यांना मूलबाळ नव्हतं. ऐकणारं माणूस घरात एकच, आणि ते ऐकून ऐकून थकलेलं.

सत्तर सालच्या आसपास त्यांच्या वर्गात हा विषय घेणारा एक विद्यार्थी आला. एकच. सोनवणे नावाचा, रेल्वेच्या ऑफिसात कारकून, खानदेशातून आलेल्या बौद्ध कुटुंबातला. खासनीसांचा चेहराच बदलला. "आज सोनवण्यांनी असा प्रश्न विचारला, की मला घरी येऊन पुस्तक काढावं लागलं!" हे मला जिन्यात अडवून सांगत. त्याच सुमारास आठ नंबरची खोली रिकामी झाली. सोनवणे उधन्याला एका खोलीत पाच माणसं राहत होते. खासनीसांनीच त्यांना अर्ज करायला लावला.

सभा भरली. अध्यक्ष म्हणाले, "माणूस सज्जन आहे हो, पण..." त्या 'पण'च्या पुढे कुणी काही बोललं नाही आणि सगळ्यांना सगळं समजलं. खोली नाकारायचा ठराव आला. दहा हात वर झाले. त्यात एक माझा.

"घ्या खासनीस, तुमची हरकत," मी वही पुढे ओढत म्हणालो.

खासनीस उभे राहिले. "दोन राष्ट्रांनी तिसऱ्याला गुलाम करायचा करार केला, तर तो मुळातच रद्द. तिथे संमतीचा प्रश्न येत नाही. हा ठराव तसला आहे. उद्या माझीसुद्धा संमती असली, तरी हा ठराव होऊ शकत नाही!"

"नेहमीचंच यांचं," कुणीतरी म्हणालं, आणि सभा हसली. मीही हसलो.

नकाराचं पत्र मी लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, "सर्वानुमते लिहा. एकाची हरकत कळली, तर तो तेच धरून पुन्हा येईल." मी लिहिलं. पत्र न्यायला सोनवणे स्वतः आले. दारातच उभं राहून वाचलं.

"सर्वानुमते? सरसुद्धा?"

"सगळे म्हणजे सगळे," मी म्हणालो.

त्यांनी पत्राची नीट घडी घातली. "लेखी दिलंत, बरं झालं," म्हणाले आणि गेले. पुढे वर्गात आलेच नाहीत.

खासनीस मात्र जात राहिले. एकदा इंदूताईंचा निरोप द्यायला मी कॉलेजात गेलो, तर रिकाम्या बाकांसमोर खासनीस हजेरीपट उघडून बसलेले. एकच नाव, आणि त्यापुढे सगळे रकाने कोरे.

"गैरहजेरी तरी मांडा," मी म्हणालो.

"येणार नाही, असं त्याने कुठे कळवलंय? मौनाचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावू नये." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बर्वे, माझ्या शिकवण्यात काही चुकलं असेल का हो?"

"छे, बदली झाली असेल," मी म्हणालो.

या उत्तरावर त्यांनी हरकत घेतली नाही. खासनीस वारले, तोवर मी त्यांना पत्राचं खरं सांगितलं नाही.

सोनवणे, तुम्ही कुठे आहात मला ठाऊक नाही. पत्रातला तो शब्द माझा होता. तुमच्या सरांची हरकत सभेच्या वहीत आहे, दीड पान भरून. मी ती जांभया देत लिहून घेतली होती.