सीतारामजी मास्तरांच्या वाट्या

१२ डिसेंबर १९४६. नाताळच्या सुट्टीत शाळेला चुना द्यायचा आहे, म्हणून आज कपाटं रिकामी करायला घेतली. गणिताच्या कपाटातून सतरा वाट्या निघाल्या. बऱ्याच पितळेच्या, काही काशाच्या, एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. बुडावरची नावं वाचली, तर त्यांतल्या अकरा माझ्या घरच्या. बाकीच्या कुणाच्या ते गावात विचारावं लागेल. चोर मात्र मला ठाऊक आहे.

सीतारामजी मास्तरांना उपडी वाटी दिसली की त्यांचं दुसऱ्या कशात लक्ष राहत नसे. आमच्या शाळेच्या कमिटीच्या चिटणिसांकडे मुंज होती. चिटणिसांना कढी नको होती, म्हणून त्यांनी पानातली वाटी उपडी घातली होती. मास्तर समोरच्या ओळीत होते. वरण झालं, भात झाला, जिलबीचे दोन आग्रह झाले, पण मास्तरांची नजर काही त्या वाटीवरून हटेना. शेवटी त्यांनी वाकून विचारलंच, "खाली किती?"

चिटणीस म्हणाले, काही नाही. मास्तर म्हणाले, "शून्य बी उत्तर असते." आणि मग समाधानानं मठ्ठा मागितला.

हा वेडेपणा नव्हता. हे त्यांचं बीजगणित होतं. मी मुख्याध्यापिका आहे त्या मुलींच्या शाळेत बारा वर्षांपूर्वी गणिताच्या मास्तरांची बदली जबलपूरला झाली आणि दुसरा माणूस मिळेना. तेव्हा डोक्यावरच्या टोपीला कापसाची फुलं चिकटलेला हा गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जातीचा विणकर. घरी माग. दुसऱ्या खेपेला का होईना, पण मॅट्रिक पास. मी विचारलं, मुलींना कधी शिकवलंय का? म्हणाले, "नाई बाई. पन मागावर बी पह्यल्या दिवशी मी नवाच बसलो होतो."

मी त्यांना ठेवून घेतलं. दुसरा अर्जच नव्हता.

फळ्यावर क्ष लिहिला की आमच्या मुली घाबरायच्या. मास्तरांनी महिनाभर क्ष लिहिलाच नाही. टेबलाच्या डाव्या अंगाला ते तीन वाट्या उपड्या घालायचे, प्रत्येकीखाली सारखेच चिंचोके, आणि शेजारी चार चिंचोके उघडे. उजव्या अंगाला एकोणीस चिंचोके, सगळे उघडे. दोन्ही बाजू सारख्या, एवढं सांगायचे. आता वाटी न उचलता सांगा, एकीखाली किती?

एखादी मुलगी डावीकडचे चार चिंचोके उचलून बाजूला ठेवायची आणि थांबायची. मास्तर कळवळायचे. "इकडचे चार उचलले, तिकडचे कोन उचलन वं? एक काठ ओढला अन् दुसरा सोडला, तर लुगडं तिरपं येते." मग उजवीकडचेही चार जायचे, पंधरा उरायचे, तीन वाट्यांत वाटले की पाच. वाटी उचलली आणि खाली खरंच पाच निघाले, की मास्तरांना मुलींपेक्षा जास्त आनंद व्हायचा. चिंचोके त्यांनी स्वतःच ठेवलेले असत, तरीही.

घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. वेळ ते कापडावर मोजत. "वीतभरात येतो" म्हणजे एक वीत लुगडं विणून होईल इतक्या वेळात. ही वीत पाऊण तासाची असते हे कळेपर्यंत मी दोनदा त्यांची वाट पाहत उभी राहिले आहे.

गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी अर्थशास्त्राची काही पानं होती. मागणी, पुरवठा, किंमत. इतर मास्तर ती पानं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचून दाखवत. सीतारामजी त्या पानांवर जीव टाकत. त्यांचं म्हणणं असं, की वस्तूची खरी किंमत आणे-पैशांत नसते. ती घेताना दुसरं जे हातचं सुटतं, ती खरी किंमत. शेला विणायला घेतला की तेवढ्या दिवसांत होणारी दोन लुगडी गेली. मग शेल्याची किंमत दोन लुगडी. हे त्यांना इतकं पटलेलं होतं की कुणी काही घेतलं, केलं, मिळवलं की ते विचारत, "अन् बदल्यात काय गेलं?"

हा प्रश्न ते कुणालाही विचारत. नव्या नवरदेवाला विचारत. काशीहून आलेल्या म्हाताऱ्यांना विचारत. चिटणिसांनी ग्रामोफोन घेतला तेव्हा आम्हाला सगळ्यांना तो पाहायला बोलावलं होतं. तबकडी वाजली, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मास्तरांनी विचारलं, बदल्यात काय गेलं? चिटणिसांच्या आधी आतल्या खोलीतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "माझ्या पाटल्या."

त्या दिवसापासून चिटणिसांचं आणि मास्तरांचं बिनसलं.

एकदा मास्तर वर्गाला बुधवारच्या बाजारात घेऊन गेले. मी सोबत होते, कारण मुली माझ्या जबाबदारीवर. एका संत्रेवालीपुढे सहा मुली वह्या घेऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी तिला विचारायला सुरुवात केली. शेकड्याला आजच्या भावानं किती संत्री आणशील? भाव चार आण्यांनी चढला तर किती? उतरला तर? बाई बरी होती. तिनं पाच-सहा प्रश्नांना नीट उत्तरं दिली, मुलींनी ती लिहून घेतली. मग मास्तर म्हणाले, "अन् फुकट देल्ले तर किती जन येतील?"

"फुकट देल्ले तर तुमीच पह्यले याल," ती म्हणाली. "अन् मास्तर, तुमच्या या शायेपायी माये दोन गिऱ्हाईक गेले. ते बी लिवा."

दुसरा कुणी असता तर वरमला असता. मास्तर मुलींकडे वळून म्हणाले, "लिवा वं. पुस्तकात इतकं साफ कोनीच सांगतलं नाई." आणि मुलींनी लिहिलं. ती वही मी स्वतः तपासली आहे. मागणी आणि पुरवठा यांच्या मध्ये, रेघ मारून, 'मास्तरांमुळे गेलेली गिऱ्हाइकं : दोन'.

आता मूळ गोष्ट, काही वर्षांपूर्वीची. चिटणिसांनी कमिटीत ठराव आणला की मुलींना बीजगणित आणि अर्थशास्त्र कशाला, त्या तासांना भरतकाम ठेवावं. मी भांडले. शेवटी असं ठरलं, की डिसेंबरात तपासणीला साहेब येतील, त्या दिवशी आणि त्याआधीचा पूर्ण आठवडा वर्गात किमान सहा मुली हजर असतील, तर वर्ग चालू राहील. एक जरी कमी भरली तर बंद. गणित घेऊन मॅट्रिक झालेल्या मुलीला पुढे मास्तरीण होता येत होतं. ते दार बंद झालं असतं. माझ्या स्वतःच्या वेळी ते बंदच होतं, मी लांबचा वळसा घालून मास्तरीण झाले, म्हणून मला त्याचं मोल ठाऊक होतं.

वर्गात नेमक्या सहा मुली होत्या. तीन कारकुनांच्या घरच्या, तीन विणकरांच्या गल्लीतल्या. कारकुनांच्या मुली सर्दी झाली तरी येत. प्रश्न गल्लीतल्या तिघींचा होता. त्या मिळवायलाच आम्हाला फार कष्ट पडले होते. सुरुवातीला मी स्वतः दोनदा गल्लीत जाऊन आले होते. रुखमा नावाची मुलगी त्यांत सगळ्यात हुशार. तिच्या आईनं, सगुणाबाईनं, मला गूळ-पाणी दिलं, पाट दिला, आणि विचारलं, "पोट्टी शायेत गेली तर कांड्या कोन भरन?"

मागाच्या धोट्यात सुताची छोटी कांडी बसवतात. कांडी संपली की माग थांबतो. त्या रहाटावर भरून देणं हे घरातल्या मुलींचं काम. मुलगी दोन तास वर्गात बसली, तर बापाचा माग दोन तास अडला. मी परत आले. मास्तर म्हणाले, "मी पाह्यतो, बाई."

आठवड्याभरात तिघी वर्गात होत्या. मी मनातल्या मनात मास्तरांच्या वक्तृत्वाला शाबासकी दिली. कमिटीतही बोलून दाखवलं, की मास्तरांच्या जिभेवर साखर आहे, त्यांनी गल्लीला शिक्षणाचं महत्त्व पटवलं. मास्तर टोपी काढून तिच्यावरचा कापूस वेचत बसले.

तपासणीआधीचा हजेरीचा आठवडा लागायला दोन दिवस होते आणि थंडी कडक पडली होती. गुरुवारी मास्तर आले नाहीत. ताप आल्याचा निरोप आला. त्याच दिवशी गल्लीतल्या तिघीही आल्या नाहीत. शुक्रवारीही मास्तर नाहीत, तिघी नाहीत. मला राग आला. मास्तर आजारी पडले तर मुलींनी सुट्टी घ्यावी, हे कुणी शिकवलं? शाळा सुटल्यावर मी तडक रुखमाच्या घरी गेले.

रुखमा रहाटावर बसली होती. मी तिला काही बोलायच्या आत सगुणाबाई पुढे आली. तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं. मास्तर रोज सकाळी येत, म्हणाली, तिच्या घरी कांड्या भरत, मग शेजारच्या दोन घरी. तिन्ही घरचं दिवसाचं काम उरकून शाळेत जात. म्हणून पोरी मोकळ्या होत्या. "आता मास्तर पडले, तं काम कोन करन? आमी त्याह्यले नको म्हनून राहिलो होतो, बाई. पन ते आयकत नाईत."

मी तिथून मास्तरांच्या घरी गेले. एक खोली, तीही मागानं भरलेली. मास्तर घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसले होते. मागावर एक लुगडं अर्धवट होतं, आणि विणलेल्या भागावर धूळ बसलेली होती. गणेशचतुर्थीला मी शाळेतल्या आरतीचं सांगायला आले होते, तेव्हाही ते एवढंच विणून झालेलं होतं. मी विचारलं, हे कुणाचं? मास्तर म्हणाले, गिऱ्हाइकानं दुसरीकडून घेतलं.

मी म्हटलं, "मास्तर, मला सांगायचं होतंत. मी कमिटीकडून चार पैसे वाढवून दिले असते."

"म्हनूनच नाई सांगतलं," ते म्हणाले. मग घोंगडीची किनार सरळ करत राहिले. "बायको गेल्याले चार वर्सं झाले, बाई. या घरात कोनी बोलत नाई. तिकडं मी रहाट फिरवतो, रुखमा बाजूले बसून गनित बोलते, तिची माय भाकर थापते. मी चुकीचं सांगतलं तर पोट्टी मलेच रागावते." मग म्हणाले, "पैसे घेतले असते तर मी तिथं कामावरचा मानूस झालो असतो."

मी त्यांना काढा करून दिला, औषध वेळेवर घ्यायला बजावलं आणि निघाले. सोमवारी ते उठून उभे राहतील असं काही दिसत नव्हतं. आणि हजेरीचा आठवडा तर दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सुरू होत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंना घरातून उठवून घेतलं आणि गल्लीत गेले. त्यांना शेजारच्या घरी बसवलं, तिसऱ्या घरी दुपारनंतर मी स्वतः येईन असा शब्द दिला, आणि सगुणाबाईच्या ओसरीवर रहाटापुढे बसले. आयुष्यात पहिल्यांदा. सूत पहिल्या फेऱ्यालाच तुटलं. रुखमानं जोडून दिलं. पुन्हा तुटलं. सगुणाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. "सोडा बाई, तुमच्यानं नाई होत." मी म्हटलं, होईल. दहा वाजेपर्यंत माझ्या सहा कांड्या झाल्या. त्यांतल्या दोन तिनं निमूटपणे उलगडून परत भरल्या. मग रुखमाकडे न बघता म्हणाली, "जाय वं. बाई आता रोज येतील तं बापाचा माग बंदच पडन. पन आज जाय."

बारा वाजता वर्गात सहा मुली होत्या; पुढे साहेब येऊन जाईपर्यंत रोज सहाच राहिल्या आणि वर्ग टिकला. त्या दिवशी मात्र शिकवायला कुणी नव्हतं, आणि मला त्या विषयातलं ओ की ठो येत नव्हतं. मी रुखमाला फळ्यापाशी उभं केलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले.