मोठ्या मैदानावरचं गवत

एका जंगलात, म्हणजे आपल्याकडच्या नव्हे, साता समुद्रापलीकडच्या एका गारठलेल्या बेटावरच्या जंगलात, हरणांचा एक फुटबॉल क्लब होता. मुलांनो, चुळबुळ नको. गोष्टीत वाघ नाही, पण अध्यक्ष आहेत.

अध्यक्ष होते बगळेराव. ते दिवसभर एका पायावर उभे राहून क्लबचा विचार करत. निदान दिसायचं तरी तसं.

क्लबचे दोन संघ होते. नर मोठ्या मैदानावर खेळत. तिथलं गवत हिरवंगार आणि मऊ. माद्या तळ्यामागच्या चिखलात खेळत. तिथे गवत वाढलं की त्या स्वतःच चरून ते बेताचं करत आणि मग खेळत. थंडीत चिखल गोठला की सामना लांबणीवर.

नरांना भलीमोठी शिंगं होती. उंच आलेला चेंडू डोक्याने मारायला गेले की चेंडू फुस्स! नवा चेंडू आणला की तोही फुस्स. तरी ससे ओरडत, "काय रुबाब आहे!"

माद्यांना शिंगंच नव्हती. त्यांचे हेडर थेट जाळ्यात जात. बघायला मात्र एक म्हातारं कासव येई, तेही सामना संपता संपता.

माद्यांची कर्णधार होती करडी. हंगाम सुरू होताना ती बगळेरावांकडे गेली.

"अध्यक्षसाहेब, एकदा तरी आम्हाला मोठ्या मैदानावर खेळू द्या ना."

"आधी लीग जिंका. मग बघू."

मुलांनो, मोठी माणसं 'मग बघू' म्हणतात तेव्हा काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. बिचाऱ्या करडीला नव्हतं.

माद्या जिंकत सुटल्या. थंडीत रखडलेले सामने वसंतात एकापाठोपाठ एक आले. करडीचा गुडघा सुजला, तरी ती हटली नाही. शेवटच्या सामन्यात तिनेच डोक्याने गोल मारला आणि लीग जिंकली. त्याच संध्याकाळी नर तळाला राहिले आणि खालच्या लीगमध्ये गेले.

चिखलाने माखलेली करडी करंडक घेऊन धावत आली. "जिंकलो, अध्यक्षसाहेब!"

"छान, छान. पण घरात दुःख आहे गं," बगळेराव डोळे पुसत म्हणाले. "नर खाली गेले. आता काटकसर आली. एक संघ बंद करावा लागणार."

"मग हरलेला करा की."

"अगं, हरलेल्यांनाच तर आधार लागतो! तुम्ही सगळं मिळवलंत. आता तुमचं राहिलंय काय?"

"मोठं मैदान," करडी म्हणाली. तिला रडू आवरेना.

बगळेरावांनाही वाईट वाटलं. ते अगदीच दुष्ट नव्हते हो. त्यांनी तिच्या हातातून करंडक घेतला. "हा नरांच्या खोलीत ठेवतो. त्यांना जरा उभारी येईल. आणि असं करा, मोठ्या मैदानावरचं गवत फार माजलंय. तुम्हाला सवय आहेच. जाता जाता तेवढं चरून द्या. तुमचीही हौस फिटेल."

करडीने डोळे पुसले. "किती चरू?"

"पोटभर!" बगळेराव उदारपणे म्हणाले आणि पुन्हा विचारात बुडाले.

माद्या मोठ्या मैदानावर गेल्या. आधी त्या आपसात एक सामना खेळल्या. पायाखाली एवढं मऊ त्यांना कधीच लागलं नव्हतं. करडी पडली की मुद्दाम थोडा वेळ पडूनच राही. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या. कडेचं गवत गेलं, मधलं गेलं, गोलपाशी उरलेलं मुळांसकट गेलं. मग चेंडू घेऊन सगळ्याजणी टेकडीपलीकडे निघून गेल्या.

नवा हंगाम आला. नर ऐटीत धावत आले आणि गुडघाभर चिखलात रुतले.

ससे ओरडले, "काय रुबाब आहे!"

तात्पर्य: मुलींना चिखलात ठेवावं, त्या गुमान जिंकत राहतात. मोठ्या मैदानावर सोडलं, की गवत राहत नाही.