हंस आहे, बदक नव्हे

मनोहर केतकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका मयताशेजारी उकिडवं बसून फूटपट्टीने मोजमाप घेताना. मोजत होते ते मयतावरच्या शेल्यावर छापलेला पक्षी. घरची माणसं रडायचं थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. केतकरांनी पट्टी खिशात घातली, मयताला नीट नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मान आखूड आहे. आपला हंस आहे, बाई. हे बदक आहे."

आमचं निरोप मंडळ ही पुण्यातल्या एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांची संस्था. मुलं परदेशात, शेजारी दार लावून आत, नातेवाईक मोबाइलवर हात जोडून मोकळे. सभासद गेला की बाकीचे सभासद जमतात, गाडी आणतात, देहदान केलेलं असेल तर मेडिकल कॉलेजात नाहीतर स्मशानात पोचवतात. आज आपण खांदा द्यायचा, उद्या घ्यायचा. मी या मंडळाची चिटणीस. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे 'बाई' म्हणतात. केतकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन, आणि मंडळाच्या चिन्हाचे रखवालदार. या जागेवर त्यांना कोणी नेमलं नव्हतं. काढायची हिंमतही कोणाला झाली नाही.

चिन्ह साधंच होतं. उडायच्या बेतातला निळा हंस, मान पुढे ताणलेली, पंख वर. हंस उडाला म्हणजे काय झालं, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण तो काढायचा कसा हे केतकर सगळ्या शहराला समजावत फिरायचे. आप्पा बळवंत चौकातल्या छापखानेवाल्याने एकदा बिल्ले आणि पत्रकं दोन्हींवर गुबगुबीत हंस छापला.

"काका, थोडंफार इकडेतिकडे चालतं," तो म्हणाला.

"तुमच्या तेराव्याला आम्ही बाराव्या दिवशीच जेवायला आलो तर चालेल?" केतकरांनी विचारलं.

पुढे त्याने आमचं काम घेणं बंद केलं.

गाडीचं प्रकरण तर वेगळंच झालं. मार्केट यार्डात ट्रान्सपोर्टचा धंदा करणारे बबनराव आमचे सभासद. मूळचे हडपसरचे, मनाने दिलदार. त्यांनी एक जुना टेम्पो शववाहिका म्हणून मंडळाला दिला आणि ट्रक रंगवणाऱ्या आपल्या पेंटरकडून सजवूनही आणला. दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा, मधे पांढराशुभ्र पक्षी, आणि मागच्या दारावर ठळक अक्षरांत 'पुन्हा भेटू'.

केतकर गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"बबनराव, हे काय आहे?"

"पक्षी हाय की साहेब. आजून काय पायजे?"

"तो पोहतोय. खाली लाटा काढल्यात. मेलेल्या माणसाला पोहायला कुठे घेऊन जाताय?"

'पुन्हा भेटू' मात्र त्यांनी राहू दिलं. म्हणाले, "मजकूर माझ्या खात्यात येत नाही."

सभासदाच्या दारावर आम्ही हंसाचा स्टिकर लावतो, म्हणजे काही झालं तर शेजाऱ्यांना मंडळाचा फोन सापडतो. केतकर घरोघर जाऊन हे स्टिकर तपासायचे. दारात केतकर दिसले की चांगल्या धडधाकट माणसांच्या छातीत धस्स व्हायचं. एका आजोबांनी स्टिकर उलटा लावला होता. "तुमचा हंस पडतोय," केतकर म्हणाले, आणि आजोबांनी त्याच संध्याकाळी रक्तदाब मोजून घेतला.

तसे ते पहिल्यापासूनच काटेकोर. पण गेली दोन वर्षं अगदी असह्य झाले होते. बिल्ल्याचा रंग जरा फिका निघाला तर सगळा गठ्ठा परत पाठवायचे, प्रत्येक कार्यकर्त्याने बिल्ला छातीच्या डाव्या बाजूलाच लावला पाहिजे म्हणून भांडायचे. अंत्ययात्रेत बिल्ल्यावरून भांडण म्हणजे शोभा. लोक मला म्हणायचे, "बाई, ह्यांना आवरा, नाहीतर आम्ही मरणार नाही."

अशातच खजिनदारांच्या भाचीने मंडळासाठी नवं चिन्ह करून दिलं. मुलगी हुशार होती. दोन नारिंगी रेघांत तिने पक्षी बसवला होता. सभेत सगळ्यांना आवडला. केतकरांनी कागद हातभर लांब धरून पाहिला.

"ही बरोबरची खूण आहे. माणूस मेला, बरोबर. पैकीच्या पैकी."

सगळे हसले. ते हसले नाहीत. "निळा जाणार का?" त्यांनी विचारलं. खजिनदार म्हणाले, "जाणार. निळा फार उदास वाटतो." केतकर उठून गेले, आणि पुढच्या बैठकीला आलेच नाहीत. ठराव तेवढा बाकी होता. म्हणून नमुन्याचा नवा बिल्ला घेऊन मीच त्यांच्या धायरीच्या फ्लॅटवर गेले. त्यांच्या पत्नी सुधाताई आजारी असतात एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ते कोणाला घरी बोलावत नसत. पुण्यात यात कोणाला काही वावगंही वाटत नाही.

दार त्यांनीच उघडलं. अंगात बनियन, आणि बनियनवर डाव्या बाजूला बिल्ला. मला हसू आलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

खिडकीजवळच्या कॉटवर सुधाताई बसल्या होत्या. वेणी घातलेली, पावडर लावलेली. शेजारी मऊ भाताची वाटी.

"या कोण?" त्यांनी विचारलं.

"आमच्या मंडळाच्याच आहेत, ताई," केतकर म्हणाले.

बायकोला 'ताई' म्हणताना ऐकून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भात कालवत होते.

"बसा," सुधाताई मला म्हणाल्या. "हे गृहस्थ फार चांगले आहेत हो. रोज येतात. नाहीतर आमचे हे. सकाळी गेलेत, अजून पत्ता नाही."

"येतील," केतकरांनी त्यांचं तोंड पुसलं. "साहेबांनी थांबवून घेतलं असेल."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"तोंडओळख आहे."

सुधाताईंना आडवं करून ते मला गॅलरीत घेऊन गेले. बाहेर कुठल्याशा इमारतीचं काम चाललं होतं. ते बराच वेळ तिकडेच बघत बोलले.

"मला ओळखत नाही ती. परका माणूस घरात शिरला म्हणून किंचाळायची, जवळ येऊ द्यायची नाही. एकदा एका सभासदाला पोचवून आलो, बिल्ला काढायचा राहिला. तर म्हणाली, मंडळाचे का? या ना. तिची आई गेली तेव्हा मंडळाची माणसं आली होती, ते तिला आठवतं. मी नाही आठवत."

त्यांनी बनियनवरचा बिल्ला बोटाने सरळ केला.

"छापखान्याने ते बदक छापलं होतं ना? तो बिल्ला लावून बघितला. दिवसभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही तिने."

"पण तुमच्याकडे जुना आहे ना? तो कोण काढून घेतंय?"

"माझ्याकडे आहे हो. पण मी आधी गेलो तर?" आता ते माझ्याकडे वळले. "तुम्हीच लोक येणार. बबनराव येतील, खजिनदार येतील. छातीवर नारिंगी रेघा लावून. ती घाबरेल, बाई. कोणाला जवळ येऊ देणार नाही. तिला धरून न्यावं लागेल."

नमुन्याचा बिल्ला मी पर्समधून बाहेर काढलाच नाही. निघताना ते म्हणाले, "सभेत कारण सांगू नका." मी सांगितलं नाही. घटनेतलं कुठलंसं कलम काढून ठराव पुढे ढकलला. खजिनदार माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत.

सुधाताई त्यानंतरच्या थंडीत गेल्या, झोपेतच. त्यांचं देहदान ठरलेलं होतं. बबनराव गाडी घेऊन आले. केतकर मागे त्यांच्याजवळ बसले, मी पुढे. शेला पायाशी दुमडला गेला होता, तो बबनरावांनी उतरल्यावर सरळ केला. केतकरांनी शेल्याकडे पाहिलंही नाही.

मेडिकल कॉलेजातला कारकून आम्हाला ओळखायचा. इतक्या सभासदांना केतकरांनीच तिथे पोचवलं होतं, आणि दरवेळी खिडकीशी उभं राहून तेच सगळं बोलायचे. त्याने सवयीने कागद पुढे ओढले.

"या केतकर. आज कोणाला आणलंत? नातेवाईक कोणी आहेत का बरोबर?"

केतकरांनी शर्टावरचा बिल्ला काढला, पिन लावून माझ्या हातात दिला.

"आज मी नातेवाईक," ते म्हणाले. "मंडळातर्फे या बाई आहेत."

कारकून उठला आणि त्याने आतून खुर्ची आणून दिली. केतकर तिच्यावर बसले, आणि पुढचं सगळं मी बोलले.