लाल डबीतल्या टोप्या

वहिनींच्या धाकट्या नणंदेने पन्नाशीत दुसरे लग्न केले, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या लग्नावरून तिच्या दोघा भावांत, थोरल्यांत आणि धाकट्यांत, अबोला आला होता. तोंड उघडायचे ते फक्त बंदुकीसाठी, आणि तेव्हाही उघडले नसते तर बरे झाले असते.

बंदूक वडिलांची, ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग गोळी गजाने ठासायची, आणि मागच्या पोकळ बोंडावर तांब्याची चिमुकली टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बोंडाच्या भोकातून दारूपर्यंत जाते आणि बार उडतो. म्हणजे, शहाण्या माणसाच्या हातात उडतो.

वडील जाताना एक कागद लिहून नेमबाजी मंडळाच्या चिटणीसांकडे ठेवून गेले होते. बंदूक ज्याच्या घरी असेल त्याने दरवर्षी मंडळाच्या मैदानावर, तीन टोप्यांच्या आत, पहिला बार काढायचा. उडाला तर बंदूक कायमची त्याची. नाही उडाला तर त्याच भरलेल्या बंदुकीवर दुसऱ्याने तीन टोप्या मारायच्या. त्याचा उडाला की बंदूक वर्षभर त्याच्या घरी. अकरा वर्षे झाली. घरच्याचा बार फसे, पाहुण्याचा उडे, आणि बंदूक या घरातून त्या घरात पोतडीसारखी फिरे.

त्या वर्षी ती थोरल्यांच्या घरी होती, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या, कापणीच्या टेबलावर होती. वहिनी कपडे शिवत. घर त्यांच्या कात्रीवर चाले, कारण थोरले वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यापासून फक्त मोजत. टोप्या मोजत, टोप्यांची जाडी मोजत आणि वहीत लिहीत. टेबलाच्या एका टोकाला सात डब्या, मधे बंदूक, आणि उरलेल्या हातभर जागेत वहिनींनी बाईमाणसाचा आख्खा कोट बेतायचा. चैत्रातच एका गिऱ्हाइकिणीच्या मलईरंगी कोटावर नळीचे काळे वंगण सांडले होते. कोट वहिनींनी स्वतःच्या पदरच्या पैशाने नवा करून दिला. गिऱ्हाईक मात्र परत आले नाही.

“अहो, हे एकदाचं कपाटात तरी ठेवा,” त्या म्हणाल्या.

“कपाटात दमटपणा असतो. टोपी दमट झाली की बार गेला.”

“बार दमटपणाने जात नाही. तुम्ही आदल्या दिवशी तेल ओतता ना, ते त्या भोकात बसतं. मी मशीनला तेल दिलं की आधी चिंधीवर चार टाके मारते. तुम्ही पण दोन टोप्या रिकाम्या वाजवून बघा.”

थोरल्यांनी चष्म्यावरून पाहिले. “शिवणयंत्र आणि रायफल तुला एकच वाटतात?”

“दोन्हीला तेल लागतं आणि दोन्ही शहाण्याच्या हातात चालतात,” वहिनी म्हणाल्या. पण तोवर ते वहीत शिरले होते.

त्या दिवसापासून वहिनींनी या विषयावर ओठ शिवले. उलट त्यांच्या लक्षात आले, की नवऱ्याचे हे अज्ञान म्हणजे देवाचे देणे आहे. बार फसला तर बंदूक दिराकडे जाईल आणि वर्षभर टेबल आपले. आणि चुकून उडाला तर मात्र बंदूक मरेपर्यंत टेबलावर.

थोरल्यांचे संशोधन चालूच होते. दहा नंबरची टोपी बोंडावर अर्धीच बसते, मग घोड्याचा पहिला दणका तिला नुसता खाली रेटण्यातच जातो. अकरा नंबरची सैल, ती चालता चालता गळून पडते. हे सगळे खरे होते. मूर्खाच्या हाती खरी गोष्ट लागली की तो जास्तच बिघडतो. सामन्याच्या चार दिवस आधी त्यांनी टोप्या वाळवायच्या म्हणून इस्त्रीच्या फळीवर पसरल्या, आणि “नीट तापू दे” म्हणून वर गरम इस्त्री टेकवली. चार टोप्या एकदम उडाल्या. इस्त्रीच्या बुडाला चार खड्डे पडले आणि शेजारचा निवृत्त हवालदार अर्ध्या दाढीनिशी धावत आला.

“काय झालं वहिनी?”

“काही नाही. हे कपडे वाळवताहेत.”

सामन्याच्या सकाळी थोरले रिकामी बंदूक घेऊन परसात गेले. सात डब्यांतून एक निवडायची होती. जमिनीवर एक वाळके पान ठेवून नळीचे तोंड त्यांनी पानाजवळ धरले. टोपीची फुंकर नळीतून आली तर पान हलणार, असा हिशेब. पहिल्या डबीतली टोपी वाजली, पान हलले नाही. दुसरी वाजली, नाही. तिसरी वाजली तेव्हा पान किंचित थरथरले. चौथी लाल डबीतली. पान उडून तुळशीवर जाऊन बसले.

“मिळाली,” थोरले म्हणाले. “लाल डबी. अकरा वर्षं मी हिलाच शोधत होतो.” पहिल्या तीन डब्या त्यांनी तिथल्या तिथे कचऱ्यात टाकल्या.

वहिनी खिडकीतून बघत होत्या. पहिल्या तीन टोप्यांनी तेल जाळून वाट मोकळी केली होती, हे त्यांना लख्ख कळले. आज बार उडणार. टेबल गेले.

थोरले आंघोळीला शिरले. वहिनींनी मशीनच्या तेलाची कुपी काढली आणि बोंडाच्या भोकात तिचे तोंड धरले. तीन थेंब पुरले असते. पण त्यांना मलईरंगी कोट आठवला, इस्त्री आठवली, आणि मोजायचे राहून गेले.

मैदानावर थोरल्यांनी बंदूक ठासली, लाल डबीतली टोपी बसवली आणि समोरच्या मातीच्या बांधाकडे नळी रोखली. टक. नियमाप्रमाणे मिनिटभर तसेच थांबले. दुसरी टोपी. टक. तिसरीही टक.

“दादा, द्या इकडे,” धाकटे म्हणाले. ते औषधाचे दुकान चालवत, आणि दादाच्या हातून बंदूक घेताना त्यांचा चेहरा नेहमी गोळी लिहून देणाऱ्यासारखा होई. “टोपी कुठलीही चालते. हात लागतो.”

टक.

दुसरी टक. धाकट्यांनी मिनिटभर थांबून तिसरी बसवली, देवाचे नाव घेतले आणि चाप ओढला. टोपी वाजली. नळीतून वारासुद्धा आला नाही.

अकरा वर्षांत असे झाले नव्हते. चिटणीसांनी कागदाची दुसरी घडी उलगडली आणि वाचले, “दोघांचाही बार फसल्यास, ज्याने ती वर्षभर सांभाळली त्याच्याच घरी बंदूक कायम राहावी. सांभाळणे हीही एक नेमबाजीच आहे.”

“वडील काय माणूस होता,” थोरले म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. “लाल डबीनेच लाज राखली बघा.”

“सहाच्या सहा फुसक्या गेल्या,” धाकटे म्हणाले.

“तुझ्या हातात तीन गेल्या.”

वहिनी बाकावर बसल्या होत्या. धाकटी जाऊ येऊन शेजारी टेकली आणि साडीच्या निऱ्या नीट करत हळूच म्हणाली, “ताई, किती घातलंत?”

“काय किती?”

“तेल हो. आमच्याकडे असते तेव्हा मी दोनच थेंब टाकते. यांच्या तीन टोप्यांत ते जळतं, मग भाऊजींचा बार उडतो आणि माझा दिवाणखाना मोकळा होतो. जास्त टाकलं की खालची दारूच भिजते.”

वहिनींनी हात पदराला पुसले.

“आधी सांगायचंस ना,” त्या म्हणाल्या.

“बोंडाला एवढं तेल दिसलं, तेव्हा मला वाटलं तुम्हाला बंदूक हवीशी झाली. उगाच मधे कशाला पडा.”

त्याच संध्याकाळी थोरल्यांनी लाल डब्यांचा खोकाभर माल मागवला आणि तो टेबलाच्या मोकळ्या टोकाला रचला. वहिनी पुढे कपडे जमिनीवर बसून बेतू लागल्या. सामन्यानंतर सातव्या वर्षी मार्च महिन्यात वहिनी वारल्या. थोरले त्यानंतर अकरा वर्षांनी, जूनमध्ये गेले; बंदूक तोवर टेबलावरच होती.