हवेचे पैसे

"रेडिओचे पैसे? उद्या उन्हाचे मागतील!" ऑर्विल ट्वेटने मोबाइल टेबलावर आपटला. नव्या गाडीबरोबर सॅटेलाइट रेडिओ काही महिने फुकट मिळाला होता. ती मुदत संपली होती आणि कंपनीची माणसं रोज गोड आवाजात विचारत होती, चालू ठेवायचा का?

"ठेवू या की," त्याची बायको मार्लिस म्हणाली. "बिलिंग्जच्या वाटेवर दुसरं काही लागतच नाही."

"लागत नाही कसं? लावणाऱ्याला अक्कल पाहिजे."

मॉन्टानाच्या गुरांच्या बाजारात जनावरांवरचे मालकीचे डाग तपासण्यात ऑर्विलचा उभा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर गुरं सुटली, तपासणी सुटली नाही. शेजाऱ्याचं कुंपण, चर्चमधलं प्रवचन, मार्लिसची कॉफी, सगळ्यांत त्याला खोट सापडे. त्यात सॅटेलाइट रेडिओ मार्लिसच्या भावाच्या, ड्वेनच्याही गाडीत होता. म्हणजे तो भिकार असणार, हे उघडच होतं.

शनिवारी ड्वेनच्या मुलीचं, शेरिलचं, बिलिंग्ज शहरात लग्न होतं. निघताना मार्लिस म्हणाली, "जाताना साधाच रेडिओ लावू. नीट लागला तर कंपनीला नाही म्हणायचं. नाही लागला तर मी हो म्हणणार."

"म्हण की. खुशाल म्हण!"

जॉर्डन गाव मागे पडेपर्यंत गाणी लागली. मग एक धर्मोपदेशक लागला, मग गव्हाचे भाव, मग नुसती खरखर.

"बघ," मार्लिस म्हणाली.

"डोंगर आड येतो."

"कुठला डोंगर? सगळा सपाट माळ आहे."

"तेच ना! उंचावर जायला हवं." आणि ऑर्विलने डांबरी रस्ता सोडून गाडी एका मातीच्या वाटेला घातली. कुणाच्या तरी कुरणाचं फाटक उघडलं आणि गाडी थेट टेकाडावर नेली.

"ऑर्विल, लग्नाला जायचंय आपल्याला!"

"दोन मिनिटं!"

टेकाडावर खरंच आवाज लख्ख आला. ऑर्विलची छाती फुगली. "ऐक! आणि फुकट!"

रेडिओ सांगत होता की या भागात वादळी पाऊस येतोय, मातीच्या वाटांवर कुणीही गाड्या घालू नयेत.

रेडिओवरचं वाक्य संपायच्या आत काचेवर टपोरे थेंब पडले. तिथली चिकण माती ओली झाली की तिच्यावर कोंबडीसुद्धा उभी राहत नाही. गाडी उतारावरून आडवी घसरत गेली आणि घळीत रुतली. ऑर्विल ढकलायला उतरला. मार्लिसने ड्रायव्हरच्या जागी बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तसा सगळा चिखल त्याच्या लग्नाच्या सुटावर उडाला. तो परत आत बसला तेव्हा एकाच पायात बूट होता. फोनला रेंज नव्हती.

मार्लिस ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती समोर बघत होती.

"शेरिलची आई गेली तेव्हा पोर एवढीशी होती," ती शेवटी म्हणाली. "लग्नात तुझ्या शेजारी मी उभी राहीन, असं मी तिला कबूल केलंय."

ऑर्विलने रेडिओ बंद केला.

बऱ्याच वेळाने कुरणाची मालकीण ट्रॅक्टर घेऊन आली. "काका, इथे वर काय करत होता?"

"रेडिओ ऐकत होतो."

तिने त्याच्या उघड्या पायाकडे पाहिलं आणि हळूच मार्लिसला विचारलं, "काकू, यांची तब्येत बरी असते ना?"

ते चर्चला पोचले तेव्हा पाहुणे बाकांवर पेंगत होते. शेरिल दारातच उभी होती. आत्या आल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही म्हणून ती हटून बसली होती. ट्रॅक्टरची साखळी गाडीला बांधताना चिखलाने माखलेल्या मार्लिसला तिने तशीच मिठी मारली आणि पांढऱ्या झग्याचा सत्यानाश करून घेतला. ऑर्विलला ड्वेनने आपले गोठ्यातले रबरी बूट दिले.

"काय दाजी, फुकटचा रेडिओ चांगला लागला म्हणे?" एवढंच तो म्हणाला, पण सगळ्या चर्चला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

सोमवारी मार्लिसने कंपनीला होकार कळवला. ऑर्विल आठवडाभर गाडीकडे फिरकला नाही. मग एके दिवशी, कंपनी कसली फसवणूक करते ते तरी बघावं, म्हणून तो अंगणातल्या गाडीत जाऊन बसला. बाजारभाव सांगणाऱ्याला गाय आणि कालवड यांतला फरक कळत नव्हता. बेसबॉलवर बोलणारा तर जन्मजात गाढव होता. बातम्या देणाऱ्या बाईला नद्यांची नावं येत नव्हती. ऑर्विल जेवायला आला तेव्हा त्याचे गाल लाल झाले होते आणि त्याने दोनदा सूप मागून घेतलं. पुढे सकाळी नाश्ता झाला की तो गाडीत जाऊ लागला. मार्लिस त्याची कॉफी खिडकीतून आत द्यायची आणि शांत घरात येऊन शब्दकोडं सोडवायची. कॉफी कशी झालीय, हे तिला आता कुणी सांगत नव्हतं.

महिन्याने कंपनीचा फोन आला. तो ऑर्विलनेच घेतला.

"सर, आमची सेवा आवडली का?"

"आवडली? अहो, माणसं कुठून गोळा केलीत? एकाला धड बोलता येत नाही! सकाळपासून रात्रीपर्यंत नुसता मूर्खपणा!"

"माफ करा, सर. मग बंद करू का?"

"बंद?" ऑर्विल कडाडला. "बंद करा म्हणून कोण म्हणालं तुम्हाला?"