बेचाळीस तुकड्यांचं झबलं

"माझ्या सहीशिवाय लहान मुलांचं कापड दुकानात जात नाही. आणि घरचं एक झबलं अडून राहील होय?" असं बायकोला ऐकवून तपासनीसांनी झबलं डब्याच्या पिशवीत घातलं आणि छाती काढून कामावर निघाले.

झालं होतं असं. त्यांची मुलगी राहायला लांब, विमानानं जावं इतकी लांब. नातू सात महिन्यांचा झाला तरी दोघांनी त्याला फोनच्या काचेतच पाहिलेलं. आजीनं मुलीच्या लहानपणीच्या निळ्या रेघांच्या चादरीची एक बाजू कापून झबलं शिवलं, तर मुलगी म्हणाली, "आई, नको पाठवू. त्याच्या अंगावर पुरळ आलंय. डॉक्टर म्हणतात, सुरक्षिततेची पट्टी लावलेलेच कपडे घाला."

आजी "बरं" म्हणाली आणि शिलाई मशीनवर झाकण घातलं. चार दिवस मशीनही मुकं आणि तीही.

तपासनीसांचा बेत साधा होता. शिवणीतला बोटभर तुकडा काढायचा, रंग आणि रसायनं तपासायची, पट्टी लावायची. पण प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं नाही तोच साहेबांचं बोलावणं आलं. झबल्यावर 'तातडीचं' अशी चिठ्ठी डकवून ते गेले.

नमुने कापणाऱ्या बाई कामाला चोख. तपासनीस तासाभरानं परतले, तेव्हा झबल्याचा एक तुकडा रंग सुटतो का ते बघायला खोट्या घामात भिजत होता, दुसरा खोट्या लाळेत, तिसरा यंत्राखाली घासून निघत होता.

"काका, कापड सोन्यासारखं आहे," बाई म्हणाल्या. "बेचाळीस तुकडे केले, एक नापास होईल तर शपथ. पर्यावरणाची हिरवी पट्टी तेवढी अडलीय. कापूस कुठला ते लिहिलेलं नाही. निर्माता कोण?"

"आजी," म्हणत तपासनीस खुर्चीत टेकले.

"ही नवी कंपनी का?"

"नाही. जुनी आहे."

घरी त्यांनी बायकोच्या हातात अहवाल ठेवला.

"झबलं कुठंय?"

"पास झालं."

"ते कळलं. कुठंय?"

"पास व्हायला... कापावं लागतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं चष्मा लावून बेचाळीस ओळी वाचल्या, मशीनवरचं झाकण उचललं आणि म्हणाली, "मग उरलेल्या चादरीचं दुसरं शिवते. आता कापड पासच आहे."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. तपासनीसांनी 'नमुना: जुनी चादर, निळ्या रेघा' इथपासून घाम-लाळेपर्यंत सगळं वाचून दाखवलं.

"बाबा, माझी निळ्या रेघांची चादर? ती कापली तुम्ही?"

"थोडीशी."

"उरलेली कापू नका. मला एकदा तिच्यावर झोपायचंय." तिनं जांभई दाबली. "सात महिने धड झोप नाही मला."

आजीनं कात्री खाली ठेवली. "मग ये की."

मुलगी पुढच्याच महिन्यात आली. बाळाला आजीच्या हातात देऊन त्या तोकड्या चादरीवर पडली ती सलग अकरा तास झोपली.

तपासनीसांनी नव्या शर्टात दोन्ही हात पसरले. नातवानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. काचेत मावणारे आजोबा एवढे मोठे, आणि मिशीसकट! त्यानं भोकाड पसरलं.

पुढचे तीन दिवस तपासनीस नातवाला शेजारच्या खोलीतून फोनवर भेटले.